इंग्लिश एलसाठी लिक्विड यीस्ट: पाकीट उचलण्याआधी पाच प्रश्न



होमब्रूइंगचं सामान घ्यायला दुकानात नवीन माणूस आला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. फ्रिजचं दार उघडतो, आतल्या पंधरा-वीस प्रकारच्या पाकिटांकडे बघतो आणि विचारतो, "यातलं सगळ्यात चांगलं यीस्ट कोणतं?" मी उलट विचारतो, "चांगलं कशासाठी?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे.

तुमच्यापैकी काही जण माझ्यासारखेच इथे इंग्लंडमध्ये आहात. घरी बिअर करता आणि पुढेमागे छोटी ब्रूअरी काढायचा विचार आहे. काही जण पुण्या-मुंबईत बसून मायक्रोब्रूअरीच्या धंद्याकडे बघताय. दोघांसाठीही एक गोष्ट सारखीच आहे. माल्ट, हॉप्स, पाणी यांवर आपण तासन् तास बोलतो आणि यीस्ट मात्र शेवटच्या मिनिटाला उचलतो. खरं तर आपण फक्त माल्टचं गोड पाणी करतो, ज्याला वर्ट म्हणतात. त्याची बिअर यीस्ट करतं. आपल्या घरात म्हणतात ना, विरजण जसं तसं दही. इथेही तेच आहे.

आणि इंग्लिश एलमध्ये तर जास्तच. अमेरिकन आयपीएमध्ये हॉप्सचा एवढा मारा असतो की यीस्ट मागे राहिलं तरी चालतं. इंग्लिश बिटर असते साधारण ४ टक्के अल्कोहोलची, हॉप्स बेताचे, माल्ट साधा. यीस्टची चव लपायला जागाच नसते.

आधी एक निर्णय: लिक्विड की ड्राय?

स्पष्ट सांगतो, ड्राय यीस्ट वाईट नाही. सॅफएल एस-०४, नॉटिंगहॅम, विंडसर ही सगळी इंग्लिश पद्धतीची ड्राय यीस्ट आहेत. स्वस्त आहेत, बराच काळ टिकतात, कुरिअरने दोन दिवस उशिरा आली तरी फारसं बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन बॅच करणाऱ्या माणसाला मी स्वतः ड्राय यीस्टच देतो.

मग लिक्विड कशाला? निवडीसाठी. इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या प्रत्येक जुन्या ब्रूअरीने स्वतःचं यीस्ट जपलं. नॉर्विचमध्ये यीस्टचा राष्ट्रीय संग्रह आहे, त्यात ४००० हून जास्त जाती सांभाळलेल्या आहेत. या सगळ्या जाती वाळवून विकता येत नाहीत. काही वाळवणं सोसत नाहीत, काहींना तेवढं गिऱ्हाईक नसतं. अमेरिकेत ऑरेगनमध्ये १९८६ साली वायईस्ट आणि सॅन डिएगोत १९९५ साली व्हाइट लॅब्ज सुरू झाल्या. या दोन कंपन्यांमुळे घरगुती ब्रूअरलाही इंग्लिश यीस्टच्या वेगवेगळ्या जाती छोट्या पाकिटात मिळायला लागल्या.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. लिक्विड पाकीट ड्रायच्या दुपटीहून महाग पडतं, फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि रोज थोडं थोडं म्हातारं होत जातं. म्हणून ते घ्यायचं तर कारण पक्कं हवं. ते पक्कं करायला हे पाच प्रश्न.

प्रश्न १: बिअर कोरडी हवी की अंगाने भरलेली?

पाकिटावर अटेन्युएशन म्हणून एक टक्केवारी असते. वर्टमधली किती साखर हे यीस्ट खाऊन टाकणार, त्याचा तो अंदाज. हिशेबाने बघू.

समजा वर्टची सुरुवातीची घनता १.०४५ आहे. एक यीस्ट ६८ टक्के साखर खातं. शेवटची घनता येईल साधारण १.०१४ आणि अल्कोहोल सुमारे ४.१ टक्के. तेच वर्ट ७६ टक्के खाणाऱ्या यीस्टला दिलं तर घनता १.०११ पर्यंत उतरेल आणि अल्कोहोल ४.५ टक्क्यांच्या आसपास जाईल. माल्ट तेच, हॉप्स तेच, खर्च तोच. पण पहिली बिअर तोंडात भरीव लागेल, बिस्किटासारखी, गोडसर. दुसरी हलकी आणि कोरडी लागेल, कडवटपणा पुढे येईल.

एक सावधगिरी. ही टक्केवारी म्हणजे वचन नव्हे. माल्ट कोणत्या तापमानाला भिजवलं यावरही ती हलते. ६५ अंशाला मॅश केलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त निघते, ६९ अंशाला कमी. त्यामुळे यीस्ट बदललं तर त्या वेळी मॅशचं तापमान बदलू नका. दोन्ही एकदम बदललं की फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

प्रश्न २: चवीत यीस्ट किती बोललं पाहिजे?

इंग्लिश यीस्ट आंबवताना फळांसारखे वास तयार करतं. कुठे संत्र्याचा मुरंबा, कुठे पेअर, कुठे जर्दाळू. या वासांच्या रसायनांना एस्टर म्हणतात. काही जाती खूप बोलक्या असतात, काही गप्प.

वायईस्टचं १९६८ लंडन ईएसबी आणि व्हाइट लॅब्जचं डब्ल्यूएलपी ००२ हे दोन्ही फळांचा वास आणि माल्टचा गोडवा पुढे आणणारे. वायईस्ट १४६९ वेस्ट यॉर्कशायर थोडं शेंगदाणा-अक्रोडाच्या अंगाने जातं, सोबत जर्दाळूची छटा. वायईस्ट १०२८ लंडन एल जास्त कोरडं, किंचित खनिजांच्या चवीचं. डब्ल्यूएलपी ००७ ड्राय इंग्लिश बरंच स्वच्छ, म्हणून हॉप्स दाखवायचे असतील तर सोयीचं.

"हे अमुक प्रसिद्ध ब्रूअरीचं यीस्ट आहे म्हणे" असं ब्रूअर मंडळींत सारखं बोललं जातं. कंपन्या बहुतेक वेळा मूळ नाव जाहीर करत नाहीत. त्या ऐकीव गोष्टीवर पाकीट घेऊ नका. आणि समजा ती गोष्ट खरी असली, तरी त्या ब्रूअरीचं पाणी, भांडी आणि हात तुमच्याकडे नाहीत. वर्णन वाचा, पाकीट घ्या आणि स्वतःच्या वर्टमध्ये चाखून बघा.

प्रश्न ३: यीस्ट किती पटकन खाली बसतं?

याला फ्लॉक्युलेशन म्हणतात. काम संपत आलं की यीस्टच्या पेशी एकमेकींना चिकटतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. १९६८ आणि ००२ या दोन्ही जाती याबाबतीत फार वरच्या. गाळ दह्याच्या कवडीसारखा घट्ट बसतो आणि बिअर पटकन नितळ होते.

होमब्रूअरसाठी ही सोय आहे. धंदा करणाऱ्यासाठी हा पैशाचा प्रश्न आहे. टाकी जितके दिवस अडकली तितके दिवस तुमचं भांडवल अडकलं. एक टाकी दहा दिवसांत मोकळी होते की सोळा, यावर महिन्याला किती बॅच निघणार ते ठरतं. माझ्याकडे कोर्सला येणारे जवळपास सगळे माल्टच्या पोत्यावर किती सूट मिळेल ते विचारतात. टाकीचे दिवस मोजणारा क्वचित भेटतो.

पण पटकन बसणाऱ्या यीस्टची दुसरी बाजूही आहे. काम अर्धवट टाकून ते झोपू शकतं. मग साखर शिल्लक राहते आणि डायअसिटिल नावाचं रसायनही. त्याचा वास लोण्यासारखा, बटरस्कॉचच्या गोळीसारखा. काही इंग्लिश बिटरमध्ये तो पुसटसा चालतो, जास्त झाला की गिऱ्हाईक ग्लास परत करतं. वायईस्ट ११८७ रिंगवूडबद्दल तर कंपनीच सांगते की शेवटी नीट विश्रांती द्या.

उपाय सोपे आहेत. यीस्ट टाकायच्या आधी थंड झालेलं वर्ट जोरात हलवून त्यात भरपूर हवा मिसळा. आंबणं संपत आलं की तापमान दोन अंशांनी वाढवा आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवा. गरज पडली तर भांडं हळूच गोल फिरवून बसलेलं यीस्ट पुन्हा उठवा. मात्र झाकण उघडून ढवळू नका, या टप्प्यावर हवा लागली तर बिअर शिळी लागते.

प्रश्न ४: तुमच्याकडे तापमान किती राहतं?

बहुतेक इंग्लिश एल यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. डब्ल्यूएलपी ००२ साठी तर १८ ते २० असाच पट्टा दिलेला आहे. हे तापमान बिअरचं आहे, खोलीचं नाही. जोरात आंबताना बिअर स्वतःच गरम होते, खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी सहज वर जाते. त्यामुळे थर्मामीटर भिंतीवर लावू नका, भांड्याच्या अंगाला लावा.

पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे. चवीचा बराचसा भाग तेव्हाच ठरतो. त्या दिवसांत तापमान २५ च्या वर गेलं तर फळांचा वास सोडून नेलपॉलिशसारखा उग्र दर्प यायला लागतो. म्हणून ओळीने विचार करा. इंग्लंडात हिवाळ्यात घर थंड असतं, तिथे भांड्याभोवती साधा हीट बेल्ट पुरतो. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या टबात भांडं ठेवावं लागतं, नाहीतर जुना फ्रिज आणि तापमान नियंत्रक घ्यावा लागतो. पुण्याच्या मे महिन्यात टाकीला शीतकरण नसेल तर हा विषयच संपला. तापमान सांभाळता येत नसेल तर महागडं लिक्विड यीस्ट घेऊ नका. ते पैसे आधी तापमानावर घाला.

प्रश्न ५: पाकिटात जिवंत पेशी किती आणि तारीख काय?

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. एलसाठी ब्रूअर मंडळी धरतात तो हिशेब असा: दर मिलिलिटरला, दर अंश प्लेटोला ७.५ लाख पेशी. प्लेटो म्हणजे वर्टमध्ये शेकडा किती साखर आहे त्याचं माप. १.०४० घनतेचं वर्ट साधारण १० प्लेटोचं. २० लिटरला गुणाकार केला तर १५० अब्ज पेशी लागतात.

वायईस्टच्या १२५ मिलिलिटरच्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात. आणि या झाल्या ताज्या पाकिटाच्या. फ्रिजमध्ये नीट ठेवलं तरी महिन्याला पाचवा हिस्सा मरतो, असा अंदाज घरगुती ब्रूअर धरून चालतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पाकिटात ६५ अब्जांच्या आसपासच उरल्या. हलक्या बिअरला एक ताजं पाकीट पुरतं असं कंपनी सांगते, आणि बिअर होतेही. पण जुन्या पाकिटावर भरवसा ठेवू नका.

मग दोन रस्ते आहेत. एक, दोन पाकिटं टाका. दोन, स्टार्टर करा. स्टार्टर म्हणजे यीस्टसाठी केलेलं छोटं वर्ट. एक लिटरला १०० ग्रॅम माल्ट पावडर घ्या, उकळा, झाकून थंड करा, त्यात पाकीट ओता आणि दिवस-दीड दिवस अधूनमधून हलवत ठेवा. पेशी वाढतात. शिवाय फेस आला म्हणजे यीस्ट जिवंत आहे हे २० लिटर वर्ट पणाला लावायच्या आधीच कळतं.

वायईस्टच्या पाकिटात आत एक छोटी पिशवी असते. तळहाताने ती फोडायची, मग पाकीट काही तासांत फुगतं. फुगणं म्हणजे पेशी जाग्या झाल्या एवढाच अर्थ. त्याने पेशी वाढत नाहीत, तो स्टार्टर नव्हे.

घेताना तारीख बघा, दुकानदार पाकीट फ्रिजमधून काढतो का ते बघा. उन्हाळ्यात ऑनलाइन मागवत असाल तर शुक्रवारी मागवू नका, शनिवार-रविवार पाकीट कुरिअरच्या गोदामात तापत पडेल.

कोणत्या बिअरला काय?

पाच उत्तरं तयार असतील तर निवड आपोआप अरुंद होते. सुरुवातीला एवढं पुरे:

• बिटर आणि ईएसबी: वायईस्ट १९६८ किंवा डब्ल्यूएलपी ००२. भरीव आणि लवकर नितळ.
• माइल्ड: हेच दोन. ३ ते ३.५ टक्क्यांच्या बिअरला पाणचट होऊ देत नाहीत.
• पोर्टर: वायईस्ट १०२८. भाजलेल्या माल्टसोबत कोरडा शेवट छान बसतो.
• उत्तरेकडच्या चवीची बिटर: वायईस्ट १४६९.
• कोरडी पेल एल, इंग्लिश आयपीए: डब्ल्यूएलपी ००७ किंवा वायईस्ट १०९८.
• एकाच यीस्टमध्ये इंग्लिश एल आणि आजची धुकट आयपीए दोन्ही करायच्या असतील: वायईस्ट १३१८ लंडन एल थ्री.

धंद्याची गोष्ट: एक निवडा आणि त्याच्याशी टिकून राहा

दर बॅचला नवीन यीस्ट वापरण्यात मजा आहे, पण त्यातून शिक्षण होत नाही. ससेक्समधल्या लुइस गावात हार्वीज नावाची जुनी ब्रूअरी आहे. १९५७ साली त्यांनी यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरच्या जॉन स्मिथ्स ब्रूअरीकडून यीस्ट आणलं आणि तेव्हापासून तेच एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये टाकत आले आहेत. आपल्या घरात आजीचं विरजण चालू राहतं, तसंच. त्यांच्या बिअरची ओळख त्या यीस्टशी बांधली गेली आहे.

छोट्या माणसालाही हे करता येतं. बिअर काढून घेतल्यावर तळाचा दाट गाळ निर्जंतुक बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन आठवड्यांत पुढच्या बॅचला वापरा. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत वायू साठतो. खूप कडक किंवा खूप हॉप्स घातलेल्या बिअरचा गाळ घेऊ नका, ते यीस्ट दमलेलं असतं. वास आंबूस, कुजका वाटला तर विचार न करता फेकून द्या.

पैशाचा हिशेब करा. समजा पाकीट ९ पौंडांचं आहे. २० लिटरचे ३५ पिंट होतात. एकदाच वापरलं तर यीस्टचा खर्च पिंटमागे सुमारे २६ पेन्स. तेच पाच बॅचना वापरलं तर ५ पेन्सच्या आसपास. "लिक्विड परवडत नाही" म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडावा. मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी बॅच होत असेल तरच हे जमतं. दोन महिन्यांतून एकदा करणाऱ्याने ताजं पाकीटच घ्यावं.

आणि वही ठेवा. यीस्टची जात, पाकिटाची तारीख, कितवी पिढी, टाकतानाचं तापमान, पहिल्या तीन दिवसांचं तापमान, सुरुवातीची आणि शेवटची घनता, नितळ व्हायला लागलेले दिवस. धंदा मोठा झाला की हीच वही तुमची रेसिपी असते.

कायद्याचं दोन ओळींत

इंग्लंडमध्ये घरच्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही आणि करही नाही. पण मित्राकडून एक पौंड घेतला तरी ती विक्री झाली. विकायच्या आधी एचएमआरसीची मंजुरी हवी, कर भरावा लागतो, मद्यविक्रीचा परवाना लागतो आणि खाद्यव्यवसाय म्हणून स्थानिक कौन्सिलकडे किमान २८ दिवस आधी नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्रातल्या मंडळींनी नीट ऐका. तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय बिअर बनवणं, घरी आणि स्वतःपुरती असली तरी, गुन्हा आहे. तुमचा रस्ता राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या मायक्रोब्रूअरी परवान्यातून जातो. तोपर्यंत वाचा, चाखा, परवाना असलेल्या ठिकाणी काम करून शिका. घरी प्रयोग नको.

या महिन्याचा गृहपाठ

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी. २० लिटर एकच वर्ट करा आणि १०-१० लिटरच्या दोन भांड्यांत वाटून घ्या. एकात डब्ल्यूएलपी ००२, दुसऱ्यात ००७. दोन्ही एकाच खोलीत, एकाच तापमानाला. बिअर तयार झाली की ग्लासांवर फक्त १ आणि २ लिहा आणि पाच जणांना द्या. त्यातले निदान तिघे बिअर न बनवणारे असू द्या. "कोणती चांगली?" असं विचारू नका. "दुसरा ग्लास कुठल्याचा घ्याल?" असं विचारा.

बीबीएच्या पुस्तकात याला मार्केट रिसर्च म्हणतात आणि त्यावर एक अख्खा धडा असतो. इथे तो दोन पाकिटांत होतो. पाच जणांचा कौल म्हणजे अंतिम निकाल नव्हे, पण दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा तो तुमच्या जास्त कामाचा आहे. आणि हे मी दुकानदार असून सांगतोय!

तुमच्या वहीतले आकडे घेऊन या, पुढच्या व्हिडिओत गाळ काढून पुन्हा वापरायची पद्धत प्रत्यक्ष करून दाखवतो. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब लिहीत राहा.